घुमा पोरगा आणि बापूची बॅट

दिल्याचा पोरगा नववीत. पालकसभेत बाई म्हणाल्या, "हुशार आहे, पण मिसळत नाही." तेव्हापासून दिल्याचं तोंड उतरलेलं. टपरीवर आम्हा मित्रांत बसला होता, पण चहा निवून गेला तरी कपाला हात लावेना.

बापूला तेवढंच निमित्त पुरलं. "क्लास लाव! स्टेज डेअरिंग! आमचा चिरंजीव बघ, हातातला माईक सोडत नाही. बोलणाऱ्याची मातीसुद्धा खपते!" हे तो इतक्या मोठ्याने म्हणाला की पलीकडच्या स्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली.

मास्तरांनी दिल्याला एवढंच विचारलं, "पोरं त्याला हाकलतात, की हा आपला आपला असतो?"

"आपला आपला. शेजारच्या बाकावरचा एक मित्र आहे. दोघं चित्रं काढत बसतात."

"मग मिसळलाय की! एकात मिसळलाय."

मास्तर बीएडला शिकवायचे, त्यामुळे हे त्यांचं रोजचं. मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक १९३४चं. त्याची रीत साधी: मुलांनाच विचारायचं, शेजारी कोण हवा. पुढे १९८२ साली कोई, डॉज आणि कोपोटेली या संशोधकांनी आवडते कोण आणि नावडते कोण, हे दोन्ही विचारून मुलांचे गट पाडले. काहींना सगळे टाळतात, तर काहींचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. आपण दोघांनाही घुमाच म्हणतो.

"टाळलेल्या पोराची काळजी कर," मास्तर म्हणाले. "पोरं मारकुट्याला टाळतात, खेळ मोडणाऱ्याला टाळतात, तो शिक्का लवकर पुसत नाही. नाव न आलेलं पोर वर्ग बदलला की पुष्कळदा रुळतं. आणि बापू, गाजणं वेगळं, आवडणं वेगळं. गाजायला आवाज लागतो, आवडायला दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं."

मला हे मनापासून पटलं. माझी धाकटी बहीण अबोल. शाळेने तिला दरवर्षी बळंच गॅदरिंगमध्ये उभं केलं. आदल्या रात्री ती झोपायची नाही. तिला काय हवंय, हे कुणी एकदाही विचारलं नाही. मीही नाही.

"मी शाळेत आवडता होतो!" बापू उसळला. "प्रत्येक मॅचला कॅप्टन!"

"बॅट तुझी होती," सुध्या म्हणाला. तासाभरातलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"आणि आउट झाला की बॅट घेऊन घरी!" दिल्या पहिल्यांदा हसला. "सातवीतली फायनल आठवते? सोळा रन हवे होते!"

"तो नो बॉल होता!"

मास्तरांनी पेपरच्या कडा फाडून चौघांपुढे टाकल्या. "कोल्हापूरला एसटीने जायचंय. शेजारी कोण हवा, लिहा."

चार चिठ्ठ्या उघडल्या. तिघांवर सुध्या. सुध्याच्या चिठ्ठीवर दिल्या.

"बापू, तूसुद्धा सुध्या?"

"मग काय! रात्रभराचा प्रवास. तो ऐकून तरी घेतो." बापू क्षणभर थांबला. "पण तो नो बॉलच होता."

"नव्हता," सुध्या म्हणाला. यावर जो हशा पिकला, त्यात टपरीवाल्याने नवा चहा कधी आणून ठेवला ते कळलंच नाही.