पनामाचा उठाव आणि दोन तारा : एका आक्षेपाला उत्तर

सविनय नमस्कार. ३ नोव्हेंबर १९०३ च्या एका तारेवरून मी पनामाचे कोलंबियापासूनचे स्वातंत्र्य सरसकट अमेरिकेचे कारस्थान ठरवले आणि तिथल्या लोकांची इच्छा पुसून टाकली, असा आपला आक्षेप आहे. त्यातला दुसरा भाग मला मान्य आहे. १८४० मध्ये तोमास एरेरा यांच्या नेतृत्वाखाली पनामाची ही संयोगभूमी तेरा महिने बोगोटापासून, म्हणजे तिथून कारभार करणाऱ्या सरकारपासून, वेगळी राहिली होती, हे मी लिहायलाच हवे होते.

त्या तारेचेही आपण म्हणता ते खरे आहे. वॉशिंग्टनने उठावाची चौकशी केली आणि पनामातले अमेरिकन उपवाणिज्यदूत एरमन यांनी कळवले, की अजून उठाव नाही, रात्री होईल असे ऐकतो. यावरून आगाऊ माहिती होती एवढेच सिद्ध होते.

माझा भर मात्र आदल्या दिवशी ‘नॅशव्हिल’ या अमेरिकन युद्धनौकेला गेलेल्या हुकुमावर आहे. शत्रुत्वाच्या हेतूने येणारे कोणतेही सशस्त्र दल, सरकारी असो वा बंडखोर, पनामाच्या कोलोन बंदरात उतरू देऊ नये, असे त्यात म्हटले होते. वरवर हा हुकूम दोघांनाही सारखाच लागू होतो. पण बंडखोर किनाऱ्यावरच होते आणि पनामा आणि उरलेला कोलंबिया यांच्यामधल्या दारिएनच्या जंगलातून वाट नसल्याने समुद्रमार्गे फौज आणण्याची गरज फक्त बोगोटाला होती. हुकूम पोहोचण्यापूर्वी बोगोटाचे सुमारे पाचशे सैनिक उतरले होते, हे खरे. तरी पुढे अमेरिकन व्यवस्थापनाखालील रेल्वेने त्यांना पनामा शहराकडे नेलेच नाही. आणि १८४६ च्या ज्या तहाने अमेरिकेला संयोगभूमीवरच्या वाटेचे रक्षण करण्याचा अधिकार मिळाला, त्याच तहात तिने बोगोटाच्या सार्वभौमत्वाची हमी दिली होती. डिसेंबरात कोलंबियाचे दूत जनरल रेयेस यांनी नेमका हाच मुद्दा अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन हे यांच्यापुढे मांडला आणि वाद हेगच्या लवादाकडे नेण्याची तयारी दाखवली. प्रश्न राजकीय आहेत, असे सांगून जॉन हे यांनी ५ जानेवारी १९०४ रोजी नकार दिला.

पनामावासीयांच्या इच्छेची आपल्याला कळकळ आहे, म्हणूनच १८ नोव्हेंबर १९०३ चा पनामा कालव्याचा करार आपण पुन्हा वाचावा, अशी विनंती करतो. दहा मैल रुंदीचा पट्टा अमेरिकेला कायमचा, जणू तीच सार्वभौम असावी अशा अधिकारांसह, त्याने दिला. अमादोर आणि बॉइड हे पनामाचे प्रतिनिधी त्याच रात्री वॉशिंग्टनला पोहोचले, तोवर सह्या झाल्या होत्या : एक जॉन हे यांची आणि दुसरी, पनामाच्या नावाने, ब्युनो-व्हारिया या फ्रेंच गृहस्थाची.