लई टाइट!

सांगलीत दिवसभरात काय काय टाइट होतं हे मोजायला बसलो, तर रात्र पुरणार नाही. गॅरेजवाला विचारतो, "चेन टाइट करू?" उसने मागितले की मित्र म्हणतो, "ह्या महिन्यात लई टाइट हाय भावा." आणि रात्री साडेदहानंतर कुणी टाइट असल्याची बातमी आली, तर तिचा नट-बोल्टाशी संबंध नसतो.

इंग्रजीतही टाइट म्हणजे कंजूस, टाइट म्हणजे झिंगलेला. पण शब्दाचं मूळ घराणं जुन्या नॉर्सकडचं. तिथं अर्थ दाट, पाणी न झिरपणारा. 'वॉटरटाइट', 'एअरटाइट'मध्ये तो अजून नांदतोय. आमच्या भडंगाला हाच लागतो, पण वेळेवर. भडंग गरम असताना झाकण लावलं की वाफेचं आत पाणी होतं आणि चुरमुरे सादळतात. आधी परातीत पसरून पार गार करा, मग लावा काय टाइट लावायचं ते.

खरा घात गॅरेजात. साध्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीच्या चेनला खालच्या बाजूला मधोमध साधारण 20 ते 30 मिलिमीटर खेळ, म्हणजे वर-खाली हलायची ढील, हवाच. नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक फिरवून चार ठिकाणी बघायचं, कारण झिजलेली चेन एकीकडे ताठ नि दुसरीकडे लोंबती असते. माप धरायचं ते सगळ्यात ताठ जागेचं. तिथं खेळ ठेवला नाही, तर दोन माणसं बसून खड्ड्यात आदळली की चेन ताणते आणि बेअरिंग रडायला लागतं. नटाचंही तेच. "अजून एक पिळा मारा," म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, की टाइटच्या पुढचं स्टेशन लूज आहे. आटे गेले की संपलं.

व्याकरण त्यातल्या त्यात सोपं. 'होल्ड टाइट', 'स्लीप टाइट' बरोबर. 'स्लीप टाइटली' म्हणालात तर साहेब हसेल. 'पॅक्ड'च्या आधी मात्र 'टाइटली'च.

माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्याकडे नट आवळायचे, झाकण घट्ट बसायचं, पिशवी गच्च भरायची, पैशाची चणचण असायची, विजार तंग व्हायची. एवढी माणसं घरी बसवून एकट्या टाइटला कामाला लावलाय.

शिंप्यापुढं तरी त्याचं फार चालत नाही. "टाइट झालं तर घेऊन या वहिनी, आत इंचभर माया सोडलीय." इंग्रजीत त्या इंचाला 'अलाउन्स' म्हणतात. म्हणजे भत्ता!