अन्नाचा हक्क आणि रेशन दुकानातील अंगठा

पुरेसे अन्न हा मूलभूत हक्क म्हणून संविधानात स्पष्टपणे नोंदवावा, ही अन्नाच्या हक्कावरील एका लेखात केलेली मागणी मला पूर्णपणे मान्य आहे. 2001 साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आल्यापासून अन्नाचा प्रश्न अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काशी जोडला गेला. पुढे 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने सवलतीच्या धान्यास पात्र ठरलेल्या ‘प्राधान्य’ कुटुंबातील प्रत्येकाला दरमहा 5 किलो, तर अंत्योदय म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबाला 35 किलो धान्याचा अधिकार दिला.

अडचण येते ती रेशन दुकानाच्या उंबऱ्यावर. कर्नाटकातील आमच्या निपाणी या सीमाभागात जन्मभर विड्या वळलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजतात की ओळख पटवणाऱ्या यंत्रावर अंगठा पुन्हा पुन्हा टेकवूनही तो उमटत नाही, आणि ‘उद्या या’ एवढे ऐकून, रिकाम्या पिशवीची घडी घालून त्या परततात. वास्तविक ठरलेले धान्य न मिळाल्यास अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम 8 मध्ये आहे. परंतु ज्यांना फक्त मराठी वाचता येते, त्यांना कन्नड फलकावरून ती कळणार कशी? (सीमावाद येथे उकरण्याचा माझा हेतू नाही; भुकेल्या माणसाला त्याच्या भाषेत माहिती मिळावी, एवढेच म्हणणे आहे.)

शिवाय ‘पुरेसे’ म्हणजे केवळ किलोंचा हिशेब नव्हे. या पट्ट्यातील रोजचे जेवण भाकरीचे आहे, तरी कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य या धान्य योजनेचा भर तांदळावरच राहिला आहे. जोंधळा आणि तूरडाळ नियमित मिळावी, ही मागणीही लेखकाने जोडावी, अशी विनंती आहे.