‘मोशिदोरा’ ही ड्रकरांची जाहिरात आहे का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘मोशिदोरा’वरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप मुख्यतः तीन आहेत. पहिला असा की, दहा भागांची ही जपानी अ‍ॅनिमे मालिका म्हणजे व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांच्या ‘मॅनेजमेंट’ या ग्रंथाची लांबवलेली जाहिरात आहे. नायिका पान उलटते, एक वाक्य वाचते आणि तिच्या शाळेच्या बेसबॉल संघाची अडचण सुटते. दुसरा असा की, शाळकरी मुलांच्या बेसबॉलमध्ये ‘ग्राहक’ आणि ‘मार्केटिंग’ आणणे म्हणजे मैदानाचे कचेरीत रूपांतर करणे होय. तिसरा असा की, नायिकेची मैत्रीण युकी हिचा मृत्यू केवळ प्रेक्षकांना रडवण्यासाठी योजलेला आहे. यांपैकी तिसरा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे. पहिल्या दोहोंशी मात्र मी सहमत नाही, आणि त्याची कारणे थोडी विस्ताराने मांडणे आवश्यक वाटते.

जाहिरातीचा आपला संशय अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. नात्सुमी इवासाकी यांची मूळ कादंबरी डिसेंबर २००९ मध्ये डायमंड या प्रकाशनसंस्थेने काढली, आणि ड्रकर यांच्या ग्रंथांचे जपानी अनुवाद काढणारी संस्थाही हीच. कादंबरीच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि त्या लाटेवर ड्रकरही नव्याने खपले. पुढे प्रॉडक्शन आय. जी. या अ‍ॅनिमेशन संस्थेने केलेली मालिका एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीने २५ एप्रिल ते ६ मे २०११ या काळात दाखवली. मार्चमध्ये ठरलेले प्रक्षेपण पूर्व जपानच्या भूकंपामुळे पुढे ढकलावे लागले होते. तेव्हा या सर्व प्रकरणात प्रकाशकाचा फायदा झाला, हे उघडच आहे. परंतु एखाद्या कथेमुळे पुस्तक खपले, एवढ्यावरून ती कथा त्या पुस्तकाची तळी उचलते, असे ठरत नाही. त्यासाठी कथेत त्या पुस्तकाचे नेमके काय होते, ते पाहावे लागते.

मिनामी कावाशिमा ही पश्चिम तोक्योतील होदोकुबो हायस्कूलची विद्यार्थिनी. तिची आजारी मैत्रीण युकी रुग्णालयात आहे, म्हणून तिच्या जागी ती बेसबॉल संघाची मॅनेजर होते. जपानी शाळांमध्ये मॅनेजर म्हणजे सामन्यातील गुणांची नोंद ठेवणारी, पाणी भरणारी, चेंडू गोळा करणारी मुलगी. पण मिनामी पुस्तकांच्या दुकानातून ड्रकरांचा व्यवस्थापकांसाठीचा हा ग्रंथ घेऊन येते. आता, तिला त्यात सर्वप्रथम काय सापडते ते आठवून पाहा. तिला युक्ती सापडत नाही. व्यवस्थापकाच्या ठायी असावीच लागते आणि शिकून अंगी आणता येत नाही अशी एक गोष्ट म्हणजे चारित्र्याची सचोटी, असे ती वाचते आणि तिला रडू कोसळते. हे रडू भाबडेपणाचे आहे, असे पहिल्या भागात वाटू शकते. परंतु लहानपणी मुलांच्या बरोबरीने बेसबॉल खेळणाऱ्या आणि मुलगी असल्यामुळे पुढचे दार बंद झालेल्या मिनामीला या खेळाचा तिटकारा आहे आणि ती तो सर्वांपासून लपवते आहे, हे एकदा कळले की त्याच रडण्याचा अर्थ बदलतो. जो ग्रंथ हातात धरून ती संघ चालवते, त्याच ग्रंथाच्या पहिल्या कसोटीला ती उतरत नाही. जाहिरातीत मालाने गिऱ्हाइकाला असे तोंडघशी पाडलेले मी तरी पाहिलेले नाही.

पान उलटले की अडचण सुटते, हे आपले विधान शरद ऋतूतील स्पर्धेच्या प्रसंगावर घासून पाहावे, अशी माझी विनंती आहे. साकुराईच्या हातून शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाच्या) जागी चूक होते आणि त्यानंतर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आसानो स्ट्राइक (नियमाच्या चौकटीतला चेंडू) टाकेनासा होतो; चार-चार बॉल (चौकटीबाहेरचे चेंडू) देऊन तो एकामागून एक फलंदाजाला पहिल्या बेसवर फुकट जाऊ देतो. होदोकुबो हरते. आसानोने हे चिडून, मुद्दाम केले असा संशय सहकाऱ्यांना येतो आणि एक जण तो तोंडावर बोलूनही दाखवतो. तेव्हा आजवर खेळाडूंपासून चार हात दूर राहणारे, तोक्यो विद्यापीठात शिकलेले प्रशिक्षक काची एकदम ओरडतात की, फलंदाजाला फुकट जाऊ देण्याची इच्छा असलेला पिचर जगात असूच शकत नाही. संघ पालटतो तो या वाक्याने, आणि हे वाक्य ड्रकरांचे नाही; ते पिचरच्या मनाची ओळख असलेल्या माणसाचे आहे. ग्रंथाने फार तर एवढे केले की, प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यामध्ये दुभाष्याची गरज आहे, हे मिनामीच्या आधीच लक्षात आणून दिले होते.

आता ‘ग्राहक’ या शब्दाविषयी. आपला रोष मी समजू शकतो; शाळा, रुग्णालय, नाटक अशा सर्व गोष्टींना आज हीच भाषा लावली जाते आणि तिचा वीट येतो. परंतु ड्रकरांच्या लेखनात ‘आपला ग्राहक कोण?’ हा प्रश्न विक्रीपुरता मर्यादित नाही. मंदीच्या काळात कॅडिलॅकची सूत्रे हाती घेणाऱ्या निकोलस ड्रेस्टाट यांचे उदाहरण ते देतात. आपली स्पर्धा दुसऱ्या मोटारींशी नसून हिरे आणि मिंकच्या फरचे कोट यांच्याशी आहे, कारण आपले गिऱ्हाईक वाहन घेत नाही, प्रतिष्ठा घेते, हे ड्रेस्टाट यांनी ओळखले होते. मिनामी आणि राखीव खेळाडू निकाई हे उदाहरण वाचून आपल्या संघाला तोच प्रश्न विचारतात. आई-वडील, शिक्षक, शाळा, सामना पाहणारे लोक अशी यादी वाढत जाते आणि तीत खेळाडूंचे स्वतःचे नावही येते. लोकांना हेलावून सोडणारा खेळ देणे हे आपले काम, असे उत्तर त्यांना मिळते. ते उत्तर ढोबळ आहे, हे मान्य. मात्र खेळाडूच जर ग्राहक असेल, तर सरावाला कोणी येत नाही याचा दोष खेळाडूवर ढकलता येत नाही. सरावातच काहीतरी उणे आहे, असे धरून चालावे लागते. माझ्या मते मालिकेतील सर्वांत मोलाचा विचार हाच आहे. शिस्तीच्या नावाखाली मुलांना रगडणाऱ्या शालेय बेसबॉलमध्ये तो लहानसा बंडखोरपणाही ठरतो.

मार्केटिंगचेही तसेच. मालिकेत मार्केटिंग म्हणजे युकीच्या खाटेशेजारी खेळाडूंना एकेक करून बसवणे आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेणे. वर्गात पहिली येणारी, जिच्या तोंडून धड वाक्य फुटत नाही ती संघाची दुसरी मॅनेजर होजो आयानो, ‘तू तर हुशार विद्यार्थिनी’ असे कोणी म्हणताच उठून पळून जाते. आपण हुशार नाही, केवळ अभ्यास करतो, हे तिचे दुखणे कोणी कधी विचारलेलेच नसते. पुढे हीच आयानो काचींच्या जोडीने सरावाचा आराखडा रचते. याला कचेरी म्हणायचे असेल, तर अशी कचेरी आपण किंवा मी अद्याप पाहिलेली नसावी. माणसाचा नुसता हात कामावर ठेवता येत नाही, त्याच्याबरोबर सगळा माणूस येतो, असे ड्रकरांनी १९५४ सालीच लिहून ठेवले होते.

‘बंट नाही, बॉल नाही’ या डावपेचाला आपण ‘पुस्तकी चमत्कार’ म्हटले आहे, ते मात्र मला खटकले. स्वतः बाद होऊन धावपटूला पुढे सरकवण्यासाठी चेंडू हलकेच टेकवणे, हा जपानी शालेय बेसबॉलचा जवळजवळ धर्म आहे. त्याला छेद देणारे प्रशिक्षक तिथे खरोखरच होऊन गेले, आणि कथेतले काची त्यांची नावेही घेतात. इकेदा हायस्कूलच्या फुमिया त्सुता यांनी धातूच्या बॅटचे मर्म ओळखून खेळाडूंचे बळ वाढवले, मोठ्या फटक्यांचा संघ घडवला आणि १९८२ची उन्हाळी स्पर्धा जिंकली; युकिओ किउची यांच्या तोरिदे दुसऱ्या हायस्कूलने १९८४च्या अंतिम सामन्यात कुवाता आणि कियोहारा या गाजलेल्या खेळाडूंच्या पी. एल. गाकुएन शाळेला हरवले. बॉल वाया न घालवता चेंडूंची संख्या कमी राखण्याचा विचारही हवेतला नाही. १९९८ मध्ये मात्सुझाका या शालेय पिचरने एकाच सामन्यात १७ इनिंगमध्ये २५० चेंडू टाकले, २००६ मध्ये साइतो या पिचरने संपूर्ण स्पर्धेत ९४८. आठवड्याला ५०० चेंडूंची मर्यादा आली ती २०२० मध्ये, म्हणजे मालिकेनंतर नऊ वर्षांनी.

युकीच्या मृत्यूबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. अंतिम सामन्याच्या तोंडावर तिला मारणे ही ठरीव क्लृप्ती आहे. त्या प्रसंगातले एकच मला टाकवत नाही : मिनामी आपला तिटकारा संघासमोर कबूल करते, आणि तो सर्वांना आधीच ठाऊक असतो. अंतिम विजयही पचायला जड जातो. तोक्यो महानगराच्या अखत्यारीतील शाळेने कोशिएनपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय शालेय स्पर्धा जिथे होते त्या मैदानापर्यंत, पोहोचण्याचे पहिले उदाहरण १९८० मधील कुनिताची हायस्कूलचे, आणि त्यानंतरची उदाहरणेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एका वर्षात तिथे पोहोचणे ही कथाकाराने स्वतःला दिलेली सवलत आहे.

परंतु आपली टीका खरोखर जिथे लागू पडली असती, त्या जागेला आपण स्पर्शच केला नाही, याचे मला नवल वाटते. मुलगी मॅनेजरच का होऊ शकते, खेळाडू का नाही, हा प्रश्न मालिका मिनामीच्या बालपणापाशी आणून ठेवते आणि तिथेच सोडून देते. कोशिएनमध्ये नोंदी लिहिण्यासाठी संघाच्या बाकावर बसण्याची मुभा मॅनेजर मुलींना १९९६ मध्ये मिळाली. २०१६ मध्ये स्पर्धेपूर्वीच्या सरावात मदतीला मैदानात उतरलेल्या एका मॅनेजर मुलीला पदाधिकाऱ्यांनी बाहेर जायला लावले. टीका झाल्यावर पुढच्या वर्षी हेल्मेट घालून ठरावीक जागेत वावरण्याची परवानगी देण्यात आली. मुलींच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेचा अंतिम सामना त्या मैदानावर पहिल्यांदा झाला तो २०२१ मध्ये. आपले काम काय आहे, याबरोबरच ते काय असायला हवे, हेही संस्थेने विचारावे, असे ड्रकर सांगतात. होदोकुबोच्या मुलांनी ग्राहकांची एवढी लांबलचक यादी केली, पण खेळायला न मिळालेली मिनामी त्या यादीत कुठे बसते, हे ना निकाई विचारतो, ना काची, ना ती स्वतः. मालिकेत ड्रकर जास्त झाले, अशी आपली तक्रार आहे; या एका बाबतीत ते कमी पडले, अशी माझी आहे. यावर आपले मत वाचायला मला आवडेल.