निवृत्त माणसाचे ताजे फोटो

केन ग्रिफी ज्युनियर २ जून २०१० रोजी बेसबॉलमधून निवृत्त झाला. बातमी सगळीकडे छापून आली होती. फक्त खेळाडूंच्या फोटोंची, लोकांनी गोळा करायची कार्डं छापणाऱ्यांनी ती वाचलेली दिसत नाही. कारण अजूनही दरवर्षी या गृहस्थाची नवी कोरी कार्डं निघताहेत, आणि ती गोळा करायचा मक्ता, का कोण जाणे, माझ्याकडे आलेला आहे.

आई सांगलीहून सिएटलला आली की टपालाची पेटी उघडण्याचं काम आनंदाने स्वतःकडे घेते. आठवडाभर रोज एकेक फुगीर पाकीट आत आणून ठेवल्यावर तिने विषय काढलाच.

"तो खेळायचा थांबला ना रे?"

"हो, कधीच."

"मग हे रोज काय येतंय?"

"त्याची नवीन कार्डं."

"मेल्याचा अजून फोटो काढतात?"

"फोटो जुनाच गं. भोवतीची चौकट नवी."

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तुझे बाबा रिटायर झाले तेव्हा निरोपसमारंभाला फोटोग्राफर आला होता. त्याचा रोल संपलेला होता." एवढं बोलून ती भाजी निवडायला गेली. यावर मी काय बोलणार?

नव्वदच्या दशकात सिएटलला नोकरीला आलेल्या मराठी मुलाला बेसबॉलचं काहीही देणंघेणं नसायचं. पण डावखुऱ्या माणसाची बॅट लयीत फिरली की काय सुख मिळतं ते कांबळीने १९९३ साली दोन कसोटी द्विशतकं ठोकून आम्हाला दाखवून ठेवलं होतं. त्यामुळे ऑफिसातल्या लोकांनी किंगडोमवर, म्हणजे सिएटलच्या मॅरिनर्स संघाच्या मैदानावर नेलं आणि टोपी उलटी घालून हसत हसत सरावाला आलेला तो चोवीस नंबर, ग्रिफी, दिसला, तेव्हा नियम न कळताही माझा निकाल लागला. पुढे ८ ऑक्टोबर १९९५ ला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात, अकराव्या इनिंगमध्ये मॅरिनर्सच्याच एडगर मार्टिनेझने डबल, म्हणजे दोन बेसचा फटका मारला आणि ग्रिफी पहिल्या बेसवरून जो सुटला तो विजयी धाव घेत थेट होम प्लेटवर घसरत पोचला. वर साथीदारांचा ढिगारा आणि खालून त्याचा हसरा चेहरा बाहेर. त्या एका फोटोने माझं पुढच्या आयुष्यातलं आर्थिक नियोजन बिघडवलं. २००० साली ग्रिफी सिनसिनाटीला गेला आणि किंगडोम सुरुंग लावून पाडलं. मी मात्र इथेच राहिलो, घराचे हप्ते चालू होते.

आता रूकी कार्डाबद्दल, म्हणजे खेळाडू नवखा असतानाच्या पहिल्या कार्डाबद्दल. १९८९ साली अपर डेक नावाच्या नव्या कंपनीने पहिलाच संच काढला आणि त्यात पहिल्या नंबरवर ग्रिफीला बसवलं. एकोणीस वर्षांचा पोरगा, मेजर लीगमधला, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधला एकही सामना खेळलेला नव्हता. मॅरिनर्सच्या टोपीतला फोटो तरी कुठून आणणार? हाताशी होता तो सॅन बर्नार्डिनो स्पिरिट या खालच्या लीगमधल्या संघाच्या टोपीतला. तोच घेतला आणि टोपीवर मॅरिनर्सचा रंग चढवला. आमच्या गावच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोवर उसना कोट रंगवून देत, त्यातलाच प्रकार. त्या रंगवलेल्या टोपीसाठी लोक आजही बोली लावतात.

बरं, हे कार्ड दुर्मीळ म्हणावं तर तेही नाही. त्या काळात अख्ख्या अमेरिकेची समजूत झाली होती की पत्र्याच्या डब्यात कार्डं जपून ठेवली की त्यावर पोरांची कॉलेजं होतील. कंपन्यांनीही छापखाने रात्रंदिवस चालवले. त्या सगळ्या मालाला आता 'जंक वॅक्स' म्हणतात. सिएटलमध्ये माझ्या वयाच्या ज्याला त्याला विचारा, ग्रिफीचं एक कार्ड त्याच्या गराजमध्ये आहे आणि ते लाखमोलाचं आहे अशी त्याची खात्री आहे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका काकांनी आरती चालू असतानाच मला बाजूला घेतलं. "तू तो ग्रिफी जमवतोस ना? माझ्याकडे आहे एक. पण मी देणार नाही हं, नातवाच्या शिक्षणासाठी ठेवलंय." मी मोबाइलवर फोटो बघितला. काकांनी ते पाकिटात, क्रेडिट कार्डांच्या मधोमध ठेवलं होतं. चारही कोपरे गोल. नातवाने अभ्यास करून स्कॉलरशिप मिळवावी हे उत्तम, पण हे मी काकांना कशाला सांगू? प्रसाद घेतला.

मोठा पैसा असतो तो दहा ग्रेडला. कार्ड ग्रेडिंगला पाठवलं की ते लोक कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग, म्हणजे चित्र चौकटीच्या बरोबर मध्यभागी आहे का, हे तपासतात, एक ते दहामध्ये मार्क देतात आणि कार्ड कडक प्लॅस्टिकच्या स्लॅबमध्ये कायमचं बंद करून परत पाठवतात. माझ्याकडचं त्यातल्या त्यात देखणं कार्ड मीही पाठवलं. महिने गेले. फी कापली गेली. शेवटी ते आलं आठ मार्क घेऊन. दहापैकी आठ म्हणजे ऐंशी टक्के, आमच्या शाळेत एवढ्यावर पेढे वाटले असते. इथे मात्र ऐंशी टक्क्यांना जेमतेम ग्रेडिंगची फी वसूल होते. दोन मार्क कुठे गेले ते शोधायला मी भिंग घेऊन बसलो. खालच्या डाव्या कोपऱ्यावर एक पांढरा ठिपका होता, खसखशीच्या दाण्याहून लहान. बायकोला बोलावून दाखवला.

"मला नाही दिसत."

"भिंगातून बघ ना."

"भिंगातून तुझ्या नाकावर पण बरंच दिसेल. आठ तरी मिळतील का?"

यापेक्षाही जास्त मनस्ताप मला बोमनने, म्हणजे आणखी एका जुन्या नावाच्या कार्डांनी दिला आहे. १९८९ सालीच बोमनचं नाव बाजारात परत आलं, आणि त्यांनी काय करावं, तर कार्डाचा आकारच वाढवला. बाकी सगळी कार्डं अडीच बाय साडेतीन इंच, यांचं अडीच बाय पावणेचार. वाढीव पाव इंचाने जगाचं काय भलं झालं ते कळत नाही, पण नऊ कप्प्यांच्या प्लॅस्टिकच्या पानात ते कार्ड मावत नाही. माझ्या अल्बमचं पहिलं पान रूकींचं. अपर डेक, फ्लीअर, डॉनरस, स्कोअर, टॉप्स ट्रेडेड असे सगळे ग्रिफी आपापल्या कप्प्यात शहाण्यासारखे बसलेत, आणि बोमनचा ग्रिफी मात्र कप्प्यातून डोकं वर काढून बसलाय. वरच्या रांगेत ठेवला तर पानाच्या बाहेर येतो, खालच्या रांगेत ठेवला तर वरच्याच्या तळाला ढुशी देतो. मोठ्या कप्प्यांची पानं मिळतात म्हणा, पण मग बाकीचे त्यात लडबडतात.

त्याच वर्षी ग्रिफीच्या नावाचं चॉकलेटही निघालं होतं. ग्रिफीला चॉकलेटची ॲलर्जी. त्याचं वेष्टन मी फार खटपटीने मिळवलं होतं, आणि ते आईने कचऱ्याच्या पिशवीत टाकलेलं मी अगदी वेळेवर पाहिलं. "रिकामा कागद होता," ती म्हणाली. तिचं चूक म्हणता येत नाही.

तरीही हा सगळा जुना माल. त्याला कुठेतरी शेवट आहे, यादीवर टिकमार्क करत माणूस पुढे सरकतो. खरी गोची नव्या कार्डांची. एकच फोटो, त्याची आधी साधी आवृत्ती, मग चकाकणारा रिफ्रॅक्टर, मग रंग सुरू. सोनेरीच्या फक्त ५० प्रती, नारिंगीच्या २५, लालच्या ५, आणि शेवटी सुपरफ्रॅक्टर, तो जगात एकच. प्रत्येकावर अंक छापलेला, म्हणजे आपल्याला काय मिळालं नाही ते नीट कळावं. या धंद्याने खेळाडूचे कपडेही सोडले नाहीत. १९९७ साली अपर डेकने खरोखर वापरलेली जर्सी कापून तिचे तुकडे कार्डात बसवले, आणि त्या पहिल्या तिघांत ग्रिफी होताच. तेव्हापासून मी एका माणसाचा शर्ट सेंटिमीटरच्या हिशोबाने विकत घेतो आहे. माझ्या स्वतःच्या शर्टांबद्दल बायकोचं मत वेगळं, पण ते इथे नको.

टपालाने कार्ड पाठवणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. पहिली जात कार्डाला पातळ स्लीव्ह घालते, मग टॉप लोडर, म्हणजे वरून उघडं कडक प्लॅस्टिकचं पाकीट, वर रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी, आणि तिचं टोक दुमडून ठेवते, म्हणजे उघडताना नखाला धरता येतं. असल्या माणसांची मुलं चांगली निघत असणार. दुसरी जात खोक्यांची तपकिरी टेप टॉप लोडरच्या थेट तोंडावर चिकटवते, गोल गोल, देवाला दोरा गुंडाळल्यासारखी. ती सोडवायला मी स्वयंपाकघरातला सुरा वापरायचो. आता तो माझ्या हाती लागणार नाही अशा जागी असतो.

आणि आता प्लेटी. कार्ड छापायला धातूच्या चार प्लेट लागतात: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. छपाई संपली की पूर्वी त्या भंगारात गेल्या असत्या. हल्ली त्या प्लेटीही कार्डाच्या मापात कापून पाकिटात घालतात, प्रत्येक जगात एकमेव. म्हणजे कार्ड घ्या आणि ते छापण्याचा पत्राही घ्या. एका कार्डाची काळी प्लेट माझ्याकडे आहे. तिच्यात ग्रिफी एक्स-रे काढल्यासारखा दिसतो. पिवळी परवा लिलावात निघाली. लिलाव शनिवारी रात्री पावणेनऊला संपतो, म्हणजे शेवटच्या दोन मिनिटांत बोली लावायला हात मोकळा हवा. नेमकं त्याच संध्याकाळी मंडळाचं नाटक आहे, आणि बायकोने पुढच्या रांगेतली, अगदी मधली तिकिटं काढून ठेवली आहेत.

मी आयोजकांना फोन करून सांगितलं, हल्ली माझे गुडघे फार दुखतात, मागची कडेची खुर्ची मिळाली तर बरं होईल.