बाबांची बंदूक आपोआप मुलाची होत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या भाऊबंदांत एक मेसेज पुन्हा फिरतोय: "बाप गेला की लायसनची बंदूक मुलाची. मृत्युपत्रात नाव असलं की झालं. वर्षभर घरात ठेवा, कोण विचारत नाही. कोडगूत (म्हणजे कुर्गात) तर लायसनच लागत नाही." यावर विसंबून राहिलं तर मागे राहिलेल्यांना पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतील, म्हणून लिहितोय.

बंदुकीची मालकी वारशाने येते, हे खरं. लायसन येत नाही. ते त्या माणसाच्या नावाचं असतं. मृत्युपत्राने मालक कोण ते ठरेल; बंदूक जवळ बाळगायची परवानगी जिल्हाधिकारीच देणार, बेळगाव शहरात पोलीस आयुक्त.

"वर्षभर घरात ठेवा" हे सर्वांत घातक. 1959 च्या शस्त्र कायद्याचं 21 वं कलम सांगतं की बाळगणं बेकायदा ठरलं की विनाकारण उशीर न करता शस्त्र आणि काडतुसं जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. विनापरवाना बंदूक सापडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 आणि कमाल 5 वर्षं कैद. जमा केली म्हणून हक्क जात नाही. ठरलेल्या मुदतीत वारस ती लायसन काढून परत घेऊ शकतो किंवा विकू शकतो. मुदत उलटली तर मात्र सरकारजमा.

माझे थोरले काका गेले तेव्हा त्यांची बाराबोअर माळ्यावर जुन्या धोतरात गुंडाळलेली होती. भातात डुकरं उतरायची म्हणून घेतलेली. तेराव्यापर्यंत तिची कुणाला आठवणच नाही. मग काकूने ट्रंक उघडली: लायसनचं पुस्तक, त्यात खंडेनवमीचं सुकलेलं झेंडूचं फूल आणि पितळी बुडाची सात काडतुसं. "ह्यांची आठवण आहे, राहू दे," म्हणाली. तिला समजावताना जीव नकोसा झाला. शेवटी ठाण्यात आधी फोन केला आणि मगच बंदूक नेली. नंबर लायसनशी ताडून पावती मिळाली. काडतुसंही मोजून पावतीवर लिहून घ्या, हे विसरू नका.

कोडगूची सूट तिथल्या कोडवा लोकांना आणि जम्मा, म्हणजे तिथल्या पिढीजात हक्काच्या, जमीनधारकांना आहे, केंद्राने 2029 पर्यंत दिलेली. आपला तिच्याशी संबंध नाही.

घरात तीन बंदुका असतील तर आणखी एक अडचण. 2019 पासून एका माणसाला दोनच ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून. मुलाकडे स्वतःची एक असेल तर बापाची एकच मिळेल. आणि "ठासणीची आहे, शोभेला ठेवलीय" हेही चालत नाही. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा जुनाट हत्यारालाच कायद्याने मोकळीक आहे.

मेसेजमध्ये जे सांगायला हवं होतं तेच नाही. 2016 च्या शस्त्र नियमांतल्या 25 व्या नियमानुसार लायसनदार 70 वर्षांचा झाला किंवा बंदूक 25 वर्षं त्याच्याकडे असली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो जिवंतपणीच वारसाच्या नावाने लायसन मागू शकतो. वारस पात्र असला पाहिजे, एवढंच. तो गेल्यानंतर नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून, वंशवृक्ष काढा, कन्नडमधले कागद कुणाकडून तरी वाचून घ्या, भावाबहिणींच्या संमत्या गोळा करा, आणि हे सगळं सुतकात! त्यापेक्षा बाप समोर बसून सही करतोय, हे किती सोपं.

माझे वडील 72 वर्षांचे आहेत. अर्ज भरून झालाय, धाकट्या बहिणीची सही तेवढी राहिलीय. गणपतीला ती माहेरी येईल तेव्हा घेणार.