कापली एकदाची ती फांदी!

शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला निघालो होतो. वाटेत पाहतो तर ती फांदी कापलेली! नो एंट्रीचा बोर्ड आता लख्ख दिसतोय. डोकंच फिरलं.

जवळच्यांना ही फांदी पाठ आहे. बाकीच्यांसाठी: दोन वर्षांपूर्वी बाबा याच गल्लीत स्कूटर घेऊन शिरले. बोर्ड फणसाच्या पानांत गुडूप. पलीकडे पोलीस. "कागद दाखय, पात्रांव (मालक)." कागद चोख, हेल्मेट डोक्यावर. पहिल्या गुन्ह्याला 500 रुपये, तिथेच भरले की विषय संपला. पण बाबा निवृत्त मास्तर. "बोर्ड दिसत नाही, हे मी कोर्टात सांगेन!"

समन्स आलं. इस्त्रीचा शर्ट, प्लास्टिकच्या फाइलमध्ये फांदीचा फोटो, आणि साडेनऊलाच कोर्टात हजर. पुकारा झाला एक वाजता.

"गुन्हा कबूल?"

"मॅडम, फोटो आणलाय..."

"कबूल की नाकबूल?"

नाकबूल म्हणजे पुढची तारीख. मग पोलिसाची साक्ष, तो रजेवर असला की आणखी एक तारीख. बाबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी रजा टाकून गेलो होतो. "कबूल," म्हणाले. फोटो फाइलमध्येच राहिला.

मॅडम वाईट नव्हत्या हो. बाबांना बसायला खुर्ची द्यायला लावली. त्यांच्यापुढेही फायलींचा ढीग. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 208 मध्ये गुन्हा पोस्टाने कबूल करून दंड धाडायची सोय आहे. नाकबूल करायचं तर मात्र तुम्ही या, नाहीतर वकील पाठवा. 500 रुपयांसाठी वकील!

दंड नकोत असं कोण म्हणतंय? भाड्याच्या स्कूटरवर बिनहेल्मेट उडणारे आपणही रोज बघतो, त्यांना लावाच. पण रस्ते धड नाहीत म्हणून याच गोवा सरकारने वाढीव दंड लांबणीवर टाकले होते ना? ते लागू झाले 1 एप्रिल 2022 पासून. म्हणजे खड्ड्यांमुळे सरकारला सवलत चालते, फांदीमुळे बाबांना नाही. एका कोयत्याचं काम होतं, दोन वर्षं लागली!

घरी येऊन सांगितलं. वाटलं, चिडतील. ते उठले, कपाटातून तीच फाइल काढली, फोटोवरची धूळ बाहीने पुसली.

"उद्या जाऊन बोर्डाचा फोटो काढून आण."

"आता कशाला, बाबा?"

"शेजारी लावून ठेवतो."